गणित घेऊन पुढं काय?



प्रवेशाचे दिवस आले की गणित विभागाच्या दाराशी पालक थांबलेले दिसतात. कुणी म्हसवडहून आलेले, कुणी जतहून, कुणी पाटणच्या वरच्या अंगाच्या वाडीतून दोन एसट्या बदलून. शेजारी मूल मान खाली घालून उभं असतं. प्रश्न बहुधा एकच असतो : "मॅडम, ह्याला गणितातच जायचंय म्हणतोय. पण गणित घेऊन पुढं काय?"

हा प्रश्न मला कधीच किरकोळ वाटला नाही. ऊसबिलाच्या हप्त्यावर, दुधाच्या पगारावर किंवा छोट्या नोकरीवर चाललेल्या घरात मुलाच्या शिक्षणाची पाच वर्षं म्हणजे सगळ्या घराची पाच वर्षं असतात. तेव्हा काळजी रास्तच आहे. पण विभागाच्या दारात, रांगेत मागं दहा माणसं उभी असताना त्याचं उत्तर नीट देता येत नाही. म्हणून पालकहो, आज निवांत बोलूया. माझं म्हणणं थोडक्यात असं : गणिताची आवड असलेल्या मुलाला वाटा आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी वाटांवर मुलालाच पैसे मिळतात. मात्र या वाटांची दारं वर्षातून एकदा, ठरावीक महिन्यात उघडतात. ते महिने घरात वेळेवर कळले पाहिजेत.

आधी हे गणित कशाच्या उपयोगाचं, ते बघू. त्यासाठी लांब जायला नको. सांगलीकरांना ऑगस्टमध्ये सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न काय पडतो? आयर्विन पुलाला पाणी किती फुटांवर आहे? ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या महापुरात ते ५७ फुटांच्या वर गेलं. पण पुलावरची पट्टी आत्ताची पातळी सांगते. गल्लीतलं सामान हलवायचं की नाही हे ठरवायला उद्याची पातळी लागते. कोयनेतून किती विसर्ग चालू आहे, महाबळेश्वर-नवजाला पाऊस किती झाला, हरिपूरला मिळणारी वारणा किती फुगलीय, नदीचा उतार किती, पात्र कुठं अरुंद होतं, खाली अलमट्टीत पाणी किती अडवलंय, हे सगळं समीकरणांत मांडून उद्याची पातळी काढावी लागते. वाहत्या पाण्याची ही समीकरणं शिकणं म्हणजेच उपयोजित गणित शिकणं.

सातारकरांना आणखी एक उदाहरण देते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. त्यानंतरही त्या भागात लहान धक्के बसतच राहिले. त्यांचा अभ्यास करण्यासाठी केंद्र सरकारनं कराडला भूभौतिक प्रयोगशाळा उभी केली आणि कोयना भागात तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं. भूकंपाची लाट एका केंद्रावर कधी पोचली, दुसऱ्यावर कधी, तिसऱ्यावर कधी, एवढ्या वेळांवरून धक्का जमिनीत कुठं आणि किती खोलवर बसला हे काढतात. ते काम निव्वळ गणिताचं आहे. साखर कारखान्याची तोडणीही तशीच. तोडलेला ऊस पडून राहिला की साखरेचा उतारा घटतो. मग कुठल्या गावात कुठल्या दिवशी किती टोळ्या आणि किती गाड्या पाठवायच्या? अशा प्रश्नांना गणितात रेषीय नियोजन म्हणतात. आयआयटी मुंबईत शिकलेल्या नरेंद्र करमरकरांनी १९८४ साली त्यांतले अवाढव्य प्रश्न झपाट्यानं सोडवण्याची रीत शोधली, आणि ती त्यांच्याच नावानं जगभर शिकवली जाते.

आता आपल्याच मातीतल्या एका माणसाबद्दल सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर त्यांच्या आयुष्यात आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, गाव बुध, तालुका खटाव. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकले, मग लंडनला जाऊन १९३६ साली संख्याशास्त्रात पीएचडी केली. परत आल्यावर ते शेतीसंशोधनाच्या सरकारी परिषदेत रुजू झाले. तेव्हा देशात धान्य किती पिकलं हे कसं ठरायचं? गावकामगार बांधावर उभं राहून नजरेनं आणेवारी लावायचा. पीक आठ आणे की बारा आणे हे त्याच्या अंदाजावर. तो अंदाज चुकला तर दुष्काळात धान्य कमी पडायचं आणि माणसं उपाशी राहायची.

सुखात्म्यांनी गणिताच्या आधारावर पीक कापणीची पद्धत घालून दिली. गावं, शेतं आणि शेतातला तुकडा चिठ्ठ्या टाकल्यासारखा, कुणाच्याही मर्जीविना निवडायचा. तेवढ्याच तुकड्यातलं पीक कापून, मळून, वजन करायचं. आणि त्यावरून सबंध जिल्ह्याचा अंदाज बांधायचा. तुकडा केवढा असावा यावर त्या काळी मोठा वाद झाला. लहान तुकडा सोपा आणि स्वस्त. पण सुखात्म्यांनी दाखवलं की लहान तुकड्यानं उत्पन्न फुगून दिसतं. हिशेब तुम्हीही करू शकता. एक मीटर बाय एक मीटर तुकड्याचं क्षेत्र एक चौरस मीटर, पण त्याची कड चार मीटर. दहा बाय पाचचा तुकडा घेतला तर क्षेत्र पन्नास चौरस मीटर आणि कड तीस मीटर, म्हणजे दर चौरस मीटरमागं जेमतेम साठ सेंटिमीटर. कडेवरचं ताट आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. जितकी कड जास्त, तितकी चूक जास्त.

पुढं १९५१ पासून वीस वर्षं सुखात्मे रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचा विभाग सांभाळत होते. जगात किती माणसं पोटभर जेवत नाहीत, याचा शास्त्रशुद्ध अंदाज त्यांनी मांडला. पद्मभूषण मिळाला. आणि आज तुमच्या महसूल मंडळात पीक विम्याची भरपाई ठरताना जो पीक कापणी प्रयोग होतो, त्याच्या मुळाशी बुधच्या या माणसाचं गणित आहे. खटावच्या कोरडवाहू माळावरून निघालेलं गणित रोमपर्यंत गेलं आणि फिरून शेतकऱ्याच्या खात्यापर्यंत आलं.

आता वाटांबद्दल. मूल अजून अकरावीच्या उंबरठ्यावर असेल तर पहिली विनंती : गणित सोडू नका. बायोलॉजी घ्यायची म्हणून, टक्के वाढतील म्हणून गणित सोडलं की पुढची निम्मी दारं तिथंच बंद होतात.

बारावीनंतर राज्याबाहेर जायची तयारी असेल तर भारतीय सांख्यिकी संस्थेचं (आयएसआय) नाव लिहून ठेवा. १९३१ साली प्रशांतचंद्र महालनोबिसांनी कोलकात्यात ती काढली. तुकडा केवढा असावा या वादात सुखात्म्यांच्या समोर तेच होते. तिथं पदवीला शिकवणी फी नाही, उलट नियम पाळून शिकणाऱ्याला विद्यावेतन मिळतं. बारावीला गणित आणि इंग्रजी लागतं आणि प्रवेश परीक्षा पास व्हावी लागते. संख्याशास्त्राची पदवी कोलकात्यात, गणिताची बंगळूरमध्ये. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची परीक्षा वेगळी असते. पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत एकत्रित पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. या परीक्षा साधारण मे-जूनच्या सुमारास होतात, पण अर्ज वसंतातच भरावे लागतात. बारावीच्या निकालानंतर चौकशी केली तर उशीर झालेला असतो. त्यांचे प्रश्न पाठांतराचे नसतात. पहिल्या दोन संस्थांच्या पेपरात तर सिद्ध करून दाखवा, असेही असतात. म्हणून अकरावीतच जुने पेपर मुलाच्या हातात पडू द्या.

मूल इथंच शिकणार असेल तरी काही बिघडत नाही. सांगलीचं विलिंग्डन कॉलेज १९१९ पासून उभं आहे. त्याच वर्षी कर्मवीर भाऊराव पाटलांनी कराडजवळ काले इथं रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला. आज त्याच संस्थेचं यशवंतराव चव्हाण विज्ञान महाविद्यालय साताऱ्याच्या कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठाचा भाग आहे. सांगलीचं वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज १९४७ चं, कराडचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज १९६० चं. इंजिनिअरिंगला जाऊन गणित हातातून सुटतंच असं नाही. ज्याला यंत्रं आवडतात, त्यानं खुशाल तिकडं जावं. पण ज्याला गणितच आवडतं, त्याला केवळ लोक काय म्हणतील म्हणून तिकडं ढकलू नका.

बीएस्सी करताना विषय निवडणं फार महत्त्वाचं आहे, आणि ती निवड पहिल्या वर्षाच्या फॉर्मवर पाच मिनिटांत होऊन जाते. गणिताच्या जोडीला संख्याशास्त्र घ्या. कारण भारतीय सांख्यिकी सेवेची यूपीएससीची परीक्षा द्यायची तर पदवीला संख्याशास्त्र हा एक विषय किंवा संख्याशास्त्राची पदव्युत्तर पदवी असावी लागते. नुसतं गणित चालत नाही. ही केंद्र सरकारची अ वर्गाची नोकरी आहे आणि आपल्या भागात तिचं नावही फारसं ऐकू येत नाही. दुसरी गोष्ट संगणकाची. पायथॉन किंवा आर यांतली एक भाषा तरी मुलाला यायला हवी. दोन्ही फुकट मिळतात, साध्या जुन्या लॅपटॉपवर चालतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात असे धडे मराठीतून आहेत. ते ऐकत ऐकत आपल्या गतीनं शिकता येतं. एनपीटीईएलवर देशातल्या उत्तम प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट मिळतात. प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तरच हजारभर रुपये लागतात.

पदवीच्या मुलांसाठी माधव गणित स्पर्धा असते. पुण्याचं एसपी कॉलेज आणि मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र ती घेतात. चौदाव्या शतकातल्या केरळच्या गणिती माधवाचं नाव तिला दिलंय. परीक्षा साधारण हिवाळ्यात होते. तिच्यात नंबर यावा म्हणून नव्हे, तर आपण नेमके कुठं उभे आहोत हे कळावं म्हणून प्रत्येक गणितवेड्या मुलानं ती द्यावी. त्याहून मोलाचा आहे एमटीटीएस हा उन्हाळी कार्यक्रम. १९९३ पासून तो चालू आहे आणि राष्ट्रीय उच्च गणित मंडळाचा त्याला आधार असतो. सुट्टीत चार आठवडे देशभरातली निवडक मुलं एकत्र येतात, सकाळपासून रात्रीपर्यंत गणित करतात. राहण्या-जेवणाचा खर्च मुलांवर पडत नाही. तिथून परतलेल्या आमच्या मुलांचे प्रश्न बदललेले असतात. आधी ती विचारायची, "हे परीक्षेला येईल का?" परत आल्यावर विचारतात, "हे खरं कशावरून?" गणितात पुढं जायचं तर हा दुसरा प्रश्न पडावा लागतो.

तिसऱ्या वर्षाला येतं ते जॅम, म्हणजे आयआयटीत एमएस्सीला जाण्याची परीक्षा. गणिताचा पेपर वेगळा, गणितीय संख्याशास्त्राचा वेगळा. फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतात, परीक्षा फेब्रुवारीत. अनेक पालकांना आयआयटी म्हणजे फक्त बारावीनंतरची जेईई असंच वाटतं. बारावीला ज्या मुलाला ते जमलं नाही, त्याला तीन वर्षांनी शिवाजी विद्यापीठाच्या बीएस्सीवर पवईच्या आयआयटीला जाता येतं, हे त्याला घरातूनच कळू दे. आयआयटी नको असेल तर कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचे गणित आणि संख्याशास्त्र हे दोन्ही विभाग आहेत. पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र आहे, संगणकाच्या जोडीनं औद्योगिक गणितही आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत अभियांत्रिकी गणिताची एमएस्सी आहे. संशोधनच करायचं असेल तर टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं बंगळूरचं केंद्र खास उपयोजित गणिताचंच आहे.

मग नोकरी? खरं खरं सांगते. फक्त एमएस्सीचा कागद घेऊन कॉलेजात कायमची प्राध्यापकी मिळणं अवघड आहे. नेट-सेट या पात्रता परीक्षा आणि पुढं पीएचडी लागते, तरीही जागा मोजक्याच निघतात. त्या एकाच आशेवर मुलाला बसवू नका. पण विमा कंपनीला हप्ता ठरवायला ॲक्च्युअरी लागतो. त्याच्या प्रवेश परीक्षेला बारावी पास मूलही बसू शकतं. पुढच्या परीक्षा मात्र लांबलचक आणि चिकाटीच्या असतात. पुण्याच्या पाषाणला उष्णकटिबंधीय हवामानाची संस्था आहे, तिथं मोसमी पावसाची गणितं मांडतात. बँका, औषध कंपन्या, सॉफ्टवेअर कंपन्या आकडे वाचू शकणारी माणसं शोधत असतात. संख्याशास्त्र आणि संगणक हाताशी असलेल्या गणिताच्या पदवीधराला यांतलं बरंच काही खुलं असतं.

पैशाबद्दल बोलायचं राहिलं, आणि तेच बऱ्याच घरांत पहिलं असतं. राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरावे लागतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला हे कागद निकालाच्या आधीच तयार ठेवा, कारण जूनमध्ये तहसीलला झुंबड असते. सारथी, बार्टी आणि महाज्योती या सरकारी संस्थांच्या संशोधनासाठी अधिछात्रवृत्त्या आहेत. राष्ट्रीय उच्च गणित मंडळ एमएस्सीला आणि पीएचडीला वेगवेगळ्या परीक्षा घेऊन शिष्यवृत्ती देतं. आणि नेटमध्ये जेआरएफ, म्हणजे संशोधनाची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती, मिळाली तर पीएचडी करताना महिन्याला ३७ हजार रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. म्हणजे 'अजून किती वर्षं शिकवायचं?' या प्रश्नाला त्या टप्प्यावर वेगळं उत्तर आहे : मूल शिकत असतं आणि कमवतही असतं. कमवा आणि शिका ही साताऱ्याला नवी गोष्ट नाही. कर्मवीरांनी ती आपल्याला केव्हाच दाखवली.

मराठी माध्यमाच्या मुलांचे पालक विचारतात, इंग्रजी झेपेल का? पहिलं वर्ष जड जातं, हे खरं. पण गणितात चिन्हं आधी बोलतात, वाक्यं नंतर येतात. वर्षभर रोज एक पान मोठ्यानं वाचण्याची सवय लावली की भाषा वाटेतून बाजूला होते. तेवढं वर्ष त्याला टोमणा मारू नका. "इंग्लिश मीडियमला घातलं असतं तर..." हे वाक्य ऐकून कुठल्याही मुलाचं इंग्रजी सुधारत नाही.

मुलींच्या आई-बाबांशी दोन शब्द जास्त बोलावेसे वाटतात. आमच्या वर्गात मुली भरपूर असतात, उत्तम असतात. पण बाहेरगावी जायची वेळ आली की त्यांची नावं यादीतून गळायला लागतात. जॅम पास झालेली मुलगी "घरचे नको म्हणतात" म्हणून जवळच्याच कॉलेजात राहते. तुम्हाला भीती वाटते, ती मी समजू शकते. एकदा तिच्याबरोबर जाऊन वसतिगृह बघून या, तिथल्या मुलींशी बोला, मग ठरवा. लग्नाबद्दल म्हणाल तर गणितज्ञ मंगला नारळीकरांचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. १९६६ साली लग्न झालं, तीन मुली झाल्या, आणि १९८१ साली त्यांनी मुंबई विद्यापीठातून गणितात पीएचडी मिळवली. पुढं शाळकरी मुलांसाठी त्यांनी सोप्या मराठीत गणित लिहिलं. लग्नानंतर शिकता येतं, हे त्यांनी सिद्ध केलं. पण आपल्या मुलींवर तेवढे कष्ट मुद्दाम कशाला लादायचे? आधी शिकू द्या.

घरात आपण काय करायचं, हेही विचारता. त्यावर खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांच्या लहानपणची गोष्ट ऐका. त्यांचा जन्म कोल्हापूरचा, बालपण बनारसचं. त्यांचे मामा मोरेश्वर हुजूरबाजार शिकण्यासाठी त्यांच्या घरी राहत होते. घरातल्या फळ्यावर ते भाच्यासाठी आव्हान म्हणून गणिताचा एखादा प्रश्न लिहून ठेवत. भाच्याला तो सुटेपर्यंत किंवा त्यानं हार मानेपर्यंत तो तसाच राहायचा. आपल्या घरात गणिताचे प्राध्यापक नसतील, मामा गलाई दुकानावर किंवा शेतात असतील. पण त्या गोष्टीत जे महत्त्वाचं आहे, ते आपल्यालाही जमतं : न सुटलेला प्रश्न घरात काही दिवस राहू देणं. मूल तासभर वही समोर घेऊन गप्प बसलंय, एकही ओळ लिहिली नाही, तर "नुसता बसलाय काय?" असं म्हणू नका. गणिताचा अभ्यास बाहेरून बराचसा असाच दिसतो. त्याला एक शांत कोपरा आणि रात्री जेवताना "आज काय अडलं?" असा एक प्रश्न द्या. उत्तर कळलं नाही तरी चालेल. समजावून सांगता सांगता त्याचंच त्याला उमगतं.

आणि एक. गणितात कधी कधी अपेक्षेइतके गुण पडत नाहीत. शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मिळवणारं मूल आयएसआयच्या पेपरात किंवा जॅमच्या पहिल्या सरावात निम्म्यावर येतं. आपल्याला काही येत नाही, असं त्याला वाटायला लागतं. त्या दिवसांत शेजारच्या कुणाशी तुलना करू नका. पेपर अवघडच असतात, सगळ्या देशातली गणितवेडी मुलं ते देतात, हे त्याला तुमच्या तोंडून ऐकू द्या.

आता माझी एक मागणी. येत्या रविवारी मुलाला किंवा मुलीला घेऊन बसा, भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढा आणि पेन घ्या. सप्टेंबरच्या पानावर जॅमचा फॉर्म, डिसेंबरवर माधव स्पर्धा आणि एमटीटीएसचा अर्ज, फेब्रुवारीवर आयएसआय आणि चेन्नईची चौकशी, एप्रिलवर दाखले काढणं, असं लिहून टाका. तारखा दर वर्षी मागं-पुढं होतात, म्हणून त्या त्या महिन्यात संस्थेकडून खात्री करून घ्या. मग कॉलेजात येऊन गणिताच्या शिक्षकांना भेटा. आम्ही त्यासाठीच आहोत. फॉर्म भरायला, जुने पेपर द्यायला, वसतिगृहाला फोन लावायला आम्ही बसू तुमच्याबरोबर. अभ्यास तुमचं लेकरू करील. त्याच्या मागं घर उभं आहे एवढं त्याला दिसू द्या.